सालारजंगला अर्धा दिवस द्या: मराठवाड्यातल्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

मराठवाड्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, सहलप्रमुख शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे सहलींची लगबग सुरू होते. पालकांची संमतीपत्रं, परवानगीचे प्रस्ताव, गाडीचं बुकिंग, आचारी सोबत न्यायचा की नाही, सगळ्यावर खल होतो. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर या भागातल्या शाळांची पहिली पसंती बहुतेक वेळा हैदराबादला असते आणि ती योग्यच आहे. नांदेडहून मुंबई सहाशे किलोमीटर, हैदराबाद त्याच्या निम्म्याहून कमी. देगलूर, धर्माबाद, उदगीरच्या पोरांना तर सगळ्यांत जवळचं महानगर तेच. सहलीच्या पत्रकात गोवळकोंडा असतो, चारमिनार असतो, रामोजी फिल्म सिटीला एक अख्खा दिवस असतो आणि शेवटी कुठेतरी ‘सालारजंग म्युझियम’ असं लिहिलेलं असतं. माझं हे पत्र त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे.

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना घेऊन सालारजंगला गेलेय आणि एकटीही गेलेय. तिथे दरवेळी आपल्याकडच्या शाळा दिसतात, गणवेशावरून आणि बोलण्यावरून लगेच ओळखू येतात. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत चालत असतात. पुढे एक सर, मागे एक बाई. ‘चला, चला, थांबू नका, पुढे व्हा.’ सगळी धाव घड्याळाकडे. बाराच्या ठोक्याआधी तिथे पोचायचं, घड्याळातला तो छोटा दाढीवाला माणूस दार उघडून बाहेर येऊन ठोके देताना बघायचा, टाळ्या वाजवायच्या आणि बसमध्ये बसायचं. पाऊण तासात सालारजंग ‘झालं’ असतं.

घड्याळाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कुक अँड केल्व्ही या कंपनीचं ते घड्याळ खरोखर बघण्यासारखं आहे आणि त्यातला लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारतो तो बघताना मीही रमते. पण घड्याळाकडे जाताना पोरं ज्या दालनांमधून धावत निघून जातात, तिथे एकोणिसाव्या शतकातली शिल्पं आणि तैलचित्रं आहेत, आणि आपल्या बहुसंख्य मुलांना अशा वस्तू पुन्हा कधी समोरासमोर बघायला मिळतील याची खात्री तुम्ही आणि मी कुणीच देऊ शकत नाही. मराठवाड्यात असं एकही दालन नाही. मुंबईची संग्रहालयं लांब पडतात. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: हैदराबादच्या सहलीत सालारजंगला अर्धा दिवस द्या, आणि त्या अर्ध्या दिवसात सगळं म्युझियम दाखवायचा अट्टाहास सोडून मुलांना चार-पाच कलाकृतींसमोर नीट उभं करा.

पहिली कलाकृती मी सांगते. ‘बुरख्यातली रिबेका’. जिओवान्नी मारिया बेंझोनी या इटालियन शिल्पकाराचं हे संगमरवरी शिल्प हैदराबाद संस्थानाचे दिवाण सालारजंग पहिले यांनी 1876 साली रोममध्ये विकत घेतलं. बायबलमधली गोष्ट अशी की रिबेका लग्नासाठी उंटावरून येत असते, समोरून येणारा इसहाक दिसतो, ती खाली उतरते आणि तोंडावरून वस्त्र ओढून घेते. शिल्पकाराने तोच क्षण धरलाय. डोक्यावरून चेहऱ्यावर आलेलं झिरझिरीत कापड, त्यातून दिसणारं नाक, मिटल्यासारखे ओठ, झुकलेली नजर. आमच्या पोरी ते बघून पहिल्यांदा काय विचारतात ठाऊक आहे? ‘बाई, आतमध्ये चेहरा आहे का?’

हा प्रश्न सोन्यासारखा आहे. कारण आत चेहरा नाही. चेहरा कोरून त्यावर ओढणी घातलेली नाही, पृष्ठभाग एकच आहे. नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या उंचवट्यावर, हनुवटीवर शिल्पकाराने दगड असा गुळगुळीत ठेवलाय की तिथे कापड अंगाला टेकलंय असं वाटतं. जिथे टेकलेलं नाही तिथे चुण्या काढल्यात, आणि त्या चुण्यांच्या खोबणीत पडलेली सावली उरलेलं काम करते. बाकीचं आपले डोळे भरून काढतात. मुलांना एक पाऊल डावीकडे, एक पाऊल उजवीकडे सरकायला सांगा. उजेडाचा कोन बदलला की ओढणी कुठे दाट तर कुठे विरळ दिसू लागते. छायाप्रकाशाचा धडा मी वर्गात शंकू आणि दंडगोल मांडून वर्षभर शिकवते. तोच धडा तिथे पाच मिनिटांत पोरांच्या डोक्यात उतरतो.

ते शिल्प कसं घडलं तेही सांगा. त्या काळच्या रोममधले मोठे शिल्पकार आधी मातीत नमुना घडवत, त्याचा प्लास्टरचा साचा काढत, मग प्लास्टरच्या नमुन्यावर ठिकठिकाणी खुणा करून प्रत्येक खुणेची खोली यंत्राने मोजत आणि तेवढंच खोल संगमरवरात उतरत. दगड फोडणं, उतरवणं हे हाताखालचे कारागीर करत. शेवटचा हात मालकाचा. त्यामुळे एकाच नमुन्याच्या अनेक प्रती निघत. बेंझोनीच्या रिबेकाच्या प्रती अमेरिकेतल्या संग्रहालयांतही आहेत. हे मुलांपासून लपवू नका. सालारजंगमधले युरोपीय संगमरवरी पुतळे बव्हंशी जुन्या गाजलेल्या शिल्पांच्या प्रतीच आहेत. पण प्रत म्हणजे नकली असं समजायचं कारण नाही. तीही कुणीतरी छिन्नीनेच घडवलेली असते. आपल्या मुलांनी तर प्रतसुद्धा बघितलेली नाही. त्यांनी पाहिलाय तो मोबाइलच्या काचेवरचा बोटभर फोटो.

दुसरं शिल्प लाकडाचं. जर्मन लेखक गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातली दोन पात्रं, सैतानी मेफिस्टोफिलिस आणि साधीभोळी मार्गारेट, सिकामोर झाडाच्या एकाच ओंडक्यात पाठीला पाठ लावून कोरलेली आहेत. पुढून बघाल तर हा ताठ मानेने, मिजाशीत उभा. मागे आरसा ठेवलाय, त्यात ती दिसते, मान खाली घातलेली, हातात प्रार्थनेचं पुस्तक. उंची जवळजवळ खऱ्या माणसाएवढी. गर्दी आरशात डोकावते, ‘अरे हो, बाई दिसली’ म्हणते आणि पुढे सरकते. माझ्या वर्गातली एक मुलगी मात्र तिथून हलेना. तिने विचारलं, ‘बाई, यांनी आधी कोणाला केलं असंल?’

ती सातवीत होती. घरी सुतारकाम चालतं तिच्या. मी तिलाच उलट विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, एकदम दोघांना करावं लागलं असंल, नाहीतर लाकूड पुरायचं नाही. अगदी बरोबर. त्याची पाठ म्हणजेच तिचा पुढचा भाग. एका बाजूने जास्त खोल गेलं की दुसऱ्या बाजूला कोरायला काही उरत नाही. करणाऱ्याला सारखं इकडून तिकडे जाऊन बघावं लागलं असणार. हे कुठल्याही माहितीफलकावर लिहिलेलं नाही. ते त्या मुलीला दिसलं, कारण तिला तिथे उभं राहायला वेळ मिळाला. वीस मिनिटं तिथे बसून तिने तिच्या पॅडवर दोन्ही बाजू काढल्या. ते चित्र मी वर्गात लावलंय.

मग तैलचित्रं. आपल्या खेड्यातल्या मुलाने कॅनव्हासवरचं खरं तैलचित्र पाहिलेलं नसतं, हे आपण विसरतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी पोरं, ज्यांना त्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यांनीसुद्धा नाही. पुस्तकात छापलेल्या चित्राला जाडी नसते. कुंचल्याचा फटकारा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते त्यात दिसत नाही. वॉर्निशची चमक नसते, आणि मुख्य म्हणजे आकार कळत नाही. भिंतभर चित्र आणि वहीएवढं चित्र पुस्तकात सारख्याच चौकटीत येतं. युरोपीय दालनात फ्रान्चेस्को हायेझचं ‘साबणाचे फुगे’ आहे. बुडबुड्याचा पारदर्शकपणा अपारदर्शक रंगाने कसा आणायचा, हा प्रश्न मुलांना तिथेच विचारा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.

आणि राजा रविवर्मा. आपल्या घरोघरच्या देवघरात, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर लक्ष्मी आणि सरस्वती ज्या रूपात दिसतात, ते रूप ज्या माणसाने घराघरांत पोचवलं तो हा चित्रकार. 1894 मध्ये त्याने मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून निघालेली रंगीत चित्रं देशभर गेली. आपल्या मुलांची नजर नकळत त्याच्याच चित्रांवर घडलेली आहे. सालारजंगला त्याची ‘स्टोलन इंटरव्ह्यू’ आणि ‘केरळ ब्यूटी’ ही चित्रं आहेत. कॅलेंडरवरचा चेहरा आणि कॅनव्हासवरचा चेहरा यांत काय फरक आहे ते मुलांना बघू द्या. कातडीचा रंग एकच नसतो, गालाजवळ, कानाजवळ, मानेखाली तो बदलत जातो, हे मी सांगून सांगून थकते. तिथे सांगावं लागत नाही.

आता एका आक्षेपाबद्दल बोलते, कारण तो पालक सभेत निघतो आणि शिक्षक खोलीतही निघतो. ‘निजामाच्या दरबाऱ्याचं वैभव पोरांना कशाला दाखवायचं?’ ज्यांच्या घरात रझाकारांच्या काळातल्या आठवणी आहेत, त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला तर मी तो हलका लेखणार नाही. आमच्या घरातही त्या आठवणी आहेत. पण म्हणूनच मला वाटतं की हे म्युझियम आपल्या मुलांनी बघितलंच पाहिजे.

हा संग्रह आकाशातून पडलेला नाही. सालारजंग घराणं हैदराबाद संस्थानातलं मोठं जहागीरदार घराणं होतं आणि त्यांच्या जहागिरीत आपलं अजिंठासुद्धा होतं. रिबेकाची किंमत रोममध्ये मोजली गेली तेव्हा त्या पैशामागे इथल्या काळ्या जमिनीतून वसूल झालेला साराही होता. सालारजंग पहिले म्हणजे मीर तुराब अली खान, 1853 ते 1883 अशी तीस वर्षं संस्थानाचे दिवाण. 1865च्या सुमारास त्यांनी जिल्हाबंदी, अर्थात जिल्ह्यांची आखणी केली, म्हणजे आज आपण ज्याला जिल्हा म्हणतो त्या व्यवस्थेचा पाया आपल्या भागात त्यांच्याच कारभारात घातला गेला. बहुतांश संग्रह त्यांच्या नातवाचा, मीर युसुफ अली खान यांचा. हे सालारजंग तिसरे, जन्म 1889, तोही पुण्यात. तरुणपणी थोडा काळ दिवाण होते, मग ते पद सोडलं आणि उरलेलं आयुष्य वस्तू जमवण्यात घालवलं. लग्न केलं नाही. 1949 मध्ये गेले, तेव्हा थेट वारस नव्हता. 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडी या त्यांच्या वाड्यात संग्रहालय सुरू झालं, 1961 मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं आणि 1968 मध्ये मुशी नदीकाठच्या आताच्या इमारतीत ते आलं. आज ते कुठल्या नवाबाचं नाही, देशाचं आहे. ज्या प्रदेशाच्या साऱ्यातून ते उभं राहायला हातभार लागला, त्या प्रदेशाच्या मुलांचा तर त्यावर दुहेरी हक्क आहे. हा इतिहास आपण मुलांना दालनात उभं राहून सांगू शकतो. मुक्तिसंग्रामाचा धडा मग कोरडा राहत नाही.

याच ओघात एक गोष्ट जरूर सांगा. सालारजंग पहिले 1876 मध्ये रोमला शिल्प विकत घेत होते, त्याच सुमारास इकडे अजिंठ्याच्या लेण्यांत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली भित्तिचित्रांच्या नकला करत होते. 1872 ते 1885 हे काम चाललं. नकला लंडनला गेल्या आणि 1885 मध्ये तिथे लागलेल्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. तुमच्या शाळेने आदल्या वर्षी अजिंठा केला असेल तर मुलांना हे लगेच भिडेल. एकोणिसावं शतक म्हणजे फक्त इंग्रज आणि 1857 नव्हे, तेव्हा माणसं चित्रांसाठी एवढे कष्ट घेत होती, हे त्यांना कळायला हवं.

दुसरी अडचण सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलून कुणी दाखवत नाही. संगमरवरी पुतळ्यांत काही उघड्या अंगाचे आहेत. आठवी-नववीची मुलं कुजबुजतात, हसतात, शिक्षक अवघडतात आणि तोंड फिरवून रांग पुढे ढकलतात. माझा अनुभव असा आहे की आधी शाळेत दोन वाक्यं बोललं की हसू आपोआप थांबतं. आपल्या देगलूर तालुक्यात होट्टलला जा, चालुक्यांच्या काळातल्या देवळावर सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. औंढा नागनाथला जा. माणसाचा देह कोरणं हे आपल्या शिल्पींनीही पवित्र काम मानलं आणि देवळाच्या भिंतीवर कोरलं. होट्टल पाहिलेल्या मुलाला तर एक मस्त कामही देता येतं: काळ्या पाषाणातला दागिना आणि पांढऱ्या संगमरवरातली ओढणी, यांत कोणती गोष्ट कोरायला अवघड? माझ्या वर्गात यावर दोन गट पडले होते आणि बसमध्ये परत येईपर्यंत वाद चालू होता. मला स्वतःला होट्टलचं काम जास्त अवघड वाटतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

‘मुलं कंटाळतात’ हे तिसरं कारण मला मान्य नाही. मुलं चालून कंटाळतात. चाळीसच्या आसपास दालनं आहेत. ती सगळी फिरवली तर मोठी माणसंही कंटाळतील. चिनीमातीची भांडी, शस्त्रं, हस्तिदंत, कापड, सगळं चांगलं आहे, पण सगळं एका दिवसाचं नाही. शिक्षकाने आधी ठरवून पाच वस्तू निवडाव्यात. माझी निवड वर सांगितली, तुमची वेगळी असू शकते. सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात त्यांचे फोटो दाखवून ठेवावेत, म्हणजे तिथे पोचल्यावर ‘ही ती!’ असं मुलांच्या तोंडून निघतं. दहा-बाराचे गट करा, प्रत्येक गटाला वेगळ्या वस्तूपासून सुरुवात करू द्या, म्हणजे एकाच ठिकाणी गर्दी होणार नाही. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याला लावलेले दोन कोरे कागद आणि एक पेन्सिल, बस. रंग नकोत. खाली बसून काढू दे. वस्तूला हात लावायचा नाही, हे दारातच बजावा. घड्याळाची वेळ मधे येऊ दे, हरकत नाही, उलट विश्रांती होते.

आणि परत आल्यावर कृपा करून ‘मी पाहिलेले संग्रहालय’ हा निबंध लिहायला लावू नका. त्या कागदावरची रेघ वेडीवाकडी असली तरी तीच तपासा. काय बघितलं ते त्या रेघेत कळतं.

एक विनंती थेट मुख्याध्यापकांना. सहलीच्या शिक्षकांच्या यादीत चित्रकलेच्या शिक्षकाचं नाव असू द्या. बऱ्याच ठिकाणी ते नसतं, कारण ‘त्यांचा तास कुणीही घेईल’. जिथे पूर्णवेळ कलाशिक्षकच नाही, अंशकालीन निदेशकावर भागतंय किंवा तेही नाही, तिथे मराठीच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाने हे काम मनावर घ्यावं. त्याला कलेचा इतिहास पाठ असण्याची गरज नाही. मुलांना ‘चला’ म्हणायच्या ऐवजी ‘थांबा’ म्हणायचं, एवढं जमलं तरी पुष्कळ आहे.

व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही सांगते. रामोजी काढून टाका असं मी म्हणत नाही. पोरांना तिथे मजा येते आणि सहलीत मजा हवीच. पण रामोजीला अख्खा दिवस देताना आपण मागेपुढे पाहत नाही, मग सालारजंगला सकाळचे तीन-चार तास द्यायला वेळ नाही असं कसं म्हणता येईल? खर्च फारसा वाढत नाही. मुक्काम तोच, गाडी तीच. फक्त क्रम बदलायचा. सकाळी दार उघडायच्या वेळेला म्युझियम, दुपारनंतर चारमिनार. सकाळी गर्दी कमी असते आणि पोरं ताजीतवानी असतात.

या पाच कलाकृतींवर मी शिक्षकांसाठी दोन पानांचं टिपण केलंय: काय दाखवायचं, कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणती माहिती सांगायची घाई करायची नाही. आमच्या तालुक्याच्या केंद्र संमेलनात मी ते वाटणार आहे. ज्यांना हवं त्यांनी बिनधास्त झेरॉक्स काढून न्यावं, आपापल्या शाळेप्रमाणे बदलून घ्यावं.

परवानगीचे प्रस्ताव आता तयार होत असतील. तारीख घालण्याआधी दिनदर्शिका बघा. शुक्रवारी सालारजंग बंद असतं.

आपली,
एक कलाशिक्षिका
जि. नांदेड